संस्था काढायचीय? पावतीबुकापासून सीएसआरपर्यंत, नव्या लोकांसाठी

"संस्था काढायचीय, फंड कुठून मिळतो?" हा प्रश्न एवढ्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकतो. फंड देणारा माणूस किंवा कंपनी तुम्हाला ओळखत नाही, तुमची तळमळ त्याला दिसत नाही आणि दिसली तरी तेवढ्यावर तो चेक फाडत नाही. त्याला एकच गोष्ट बघायची असते, की यांच्या हातात दिलेला रुपया पुढे कुठे गेला हे आपल्याला दोन वर्षांनी बसून शोधता येईल का. येत असेल तर फंड हळूहळू मिळतो, येत नसेल तर कितीही चांगलं काम असलं तरी पहिल्या मीटिंगच्या पुढे गाडी जात नाही. खाली जे काही आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

नुसते नियम सांगून कुणाला कळत नाहीत म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा तुम्ही बीड जिल्ह्यातले आहात. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात आणि मुलं मागे आजीकडे राहतात, किंवा शाळा सोडून फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) जातात. तुम्हाला गावात राहिलेल्या ३० मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि एक वेळचं जेवण सुरू करायचंय, सहा महिने, हंगाम संपेपर्यंत. निवासी नाही हं. मुलांना रात्री ठेवून घेणार असाल तर बालन्याय कायदा, परवानग्या, तपासण्या हे सगळं वेगळंच प्रकरण सुरू होतं, आणि सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना पण आहे, ती आधी समजून घ्या. नवख्यांनी तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी शून्य: लगेच नोंदणी करू नका

बरेच जण उलटं करतात. आधी नाव, लोगो, लेटरहेड, मग उद्घाटन, आणि मग काम काय करायचं याचा विचार. एक हंगाम नुसतं काम करून बघा. गावातल्या शाळेची खोली संध्याकाळी मागा, चार शिक्षक-मित्र गोळा करा, जेवण नाही जमलं तर चहा-बिस्कीट ठेवा. पैसा लागलाच तर एखाद्या जुन्या, नोंदणी असलेल्या संस्थेला सांगा की हा उपक्रम तुमच्या नावाखाली चालवू द्या, देणगी त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, खर्चाची बिलं त्यांच्याकडे. बऱ्याच चांगल्या संस्था याला हो म्हणतात.

या काळात दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून करा. रोजची हजेरी, आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला वाचायला देऊन, साधी गणितं देऊन कोण कुठे आहे त्याची नोंद. तारखेसकट. नंतर कुणी विचारलं की काय फरक पडला, तर सांगायला काहीतरी असायला पाहिजे ना, आणि सुरुवातीचं मोजलेलं नसेल तर शेवटचं मोजून काही उपयोग नाही.

हंगाम संपल्यावरही लोक टिकले असतील, आणि तुम्हालाही पुढच्या वर्षी करावंसं वाटत असेल, तर मग नोंदणी.

माणसं

सोसायटीला किमान ७ सभासद लागतात, म्हणून लोक काय करतात, स्वतः, बायको, भाऊ, वहिनी, मेहुणा आणि दोन मित्र. कायद्याने नोंदणी होऊन जाते. पण पुढे फंड देणारा कार्यकारिणीची यादी मागतो आणि सात पैकी चार आडनावं एकच दिसली की त्याच्या मनात जे यायचं ते येतं. निम्म्यापेक्षा बरेच कमी नातेवाईक ठेवा, आणि अध्यक्ष-खजिनदार किंवा सचिव-खजिनदार ही जोडी तर एका घरातली अजिबात नको, कारण चेकवर सह्या त्यांच्याच असतात.

कोण घ्यावं? एक हिशोबाचा माणूस, म्हणजे बँकेतून रिटायर झालेले काका वगैरे, हे लोक सोन्यासारखे असतात. ज्यांच्यासाठी काम आहे त्यातला किमान एक, आपल्या उदाहरणात स्वतः कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली एखादी बाई. एक शिक्षक. आणि एक असा माणूस जो मीटिंगमध्ये "हे मला पटत नाही" म्हणतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. पुढाऱ्याचं नाव शोभेला घ्यायचा मोह आवरा, निवडणूक आली की संस्था त्यांच्या पक्षाची होऊन बसते आणि अर्धे देणगीदार गायब.

ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन एट?

यावर लोक तासन् तास वाद घालतात. थोडक्यात सांगतो.

सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात नोंदवतात. दोन-तीन विश्वस्तांवरही चालतो, विश्वस्त सहसा दीर्घकाळ तेच राहतात. सोसायटी म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, निवडणूक होते, सभासद असतात, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात सोसायटीला त्याच धर्मादाय कार्यालयात १९५० च्या कायद्याखाली पण नोंदणी करावी लागते, म्हणून तुमच्याकडे दोन सर्टिफिकेट असतात, दुसऱ्यावरचा नोंदणी क्रमांक म्हणजे एफ नंबर. तिसरा प्रकार कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची कंपनी, दोन संचालकांवर होते, सगळं ऑनलाइन, धर्मादाय कार्यालयाशी संबंध नाही. पण दरवर्षी कंपनी रजिस्ट्रारकडे हिशोबाचा आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म भरावाच लागतो, उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड, आणि हे बघायला कंपनी सेक्रेटरी किंवा सीए धरावा लागतो, त्याची फी वेगळी.

माझं मत: गावपातळीवरचं काम, लोकांचा सहभाग पाहिजे, तर सोसायटी किंवा ट्रस्ट. शहरातली व्यावसायिक टीम असेल, मोठ्या कंपन्यांकडेच जायचं असेल, आणि दरवर्षीची फी परवडणार असेल तर सेक्शन एट. कंपन्यांना सेक्शन एट आवडते हे खरंय कारण तिची माहिती केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कुणालाही बघता येते, पण सीएसआरच्या (कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामावर करायच्या खर्चाच्या) नियमात तिन्ही प्रकार चालतात, त्यामुळे "सेक्शन एट असेल तरच फंड" हे एजंट लोकांचं वाक्य आहे, कायद्याचं नाही.

धर्मादाय कार्यालयाचं एक पाठच करून ठेवा. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला, जागा घेतली, काहीही बदललं की ९० दिवसांच्या आत तिथे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवायचा अर्ज. महाराष्ट्रातल्या किती जुन्या संस्था निव्वळ यावरून कोर्टात बसल्यात, दोन गट, दोघांचेही चेंज रिपोर्ट, आणि निकाल लागेपर्यंत रेकॉर्डवर दहा वर्षांपूर्वीची मंडळी, त्यातली दोन हयात नाहीत. शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागितला की त्यावर जी नावं दिसतात तीच बँक आणि फंड देणारा खरी मानतो.

घटना लिहिताना

टायपिंगवाल्याकडची तयार घटना (संस्थेचे उद्देश आणि नियम) उचलू नका. त्यात गोशाळेपासून नर्सिंग कॉलेजपर्यंत चाळीस उद्देश असतात आणि वाचणाऱ्याला कळतं की यांनाच माहीत नाही काय करायचंय. पाच-सहा उद्देश पुरे, शिक्षण, पोषण, आरोग्य, महिला, आणि पुढे वाढायला एखादा मोकळा.

"ठराविक समाजाच्या उन्नतीसाठी" असं लिहिलं की ८०जीला (देणगीदाराला करात सवलत मिळवून देणारी आयकराची नोंदणी) अडचण येते, कारण एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्याच फायद्यासाठी असलेल्या संस्थेला ते मिळत नाही (अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांना सवलत आहे). ज्ञातीच्या मंडळांचं घोडं इथेच अडतं. तेव्हा "जात, धर्म, लिंग असा भेद न करता" हे वाक्य टाकाच. संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम पाहिजे. कार्यक्षेत्र नुसता तालुका लिहू नका, उद्या शेजारच्या जिल्ह्यात काम मिळालं तर घटना दुरुस्ती करत बसाल.

आणि पदाधिकाऱ्याला कामाचा पगार द्यायचा असेल तर तशी तरतूद आत्ताच करा. पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाने उपाशी राहावं असं कुणी म्हणत नाही, पण पगार वाजवी पाहिजे, ठराव पाहिजे, आणि त्या ठरावाला तो स्वतः मत द्यायला बसलेला नको. विश्वस्ताच्या घरातच ऑफिस आणि त्याला बाजारभावापेक्षा जास्त भाडं, असले प्रकार निघाले तर आयकराची सवलत जाऊ शकते.

नाव साधं ठेवा. 'अखिल भारतीय' म्हणायची तर तुम्हाला गरजच नाही.

पॅन, बँक, पावतीबुक

सर्टिफिकेट आलं की संस्थेचं पॅन, मग बँक खातं, दोन सह्यांचं. यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या खात्याचा. अध्यक्षाच्या पर्सनल नंबरवर "सध्या यावर टाका" असं ग्रुपवर लिहिलेलं दिसलं की शहाणा देणगीदार तिथेच थांबतो, आणि बरोबरच आहे त्याचं, ते पैसे कागदोपत्री अध्यक्षाचे दिसतात ना.

पावतीबुक छापताना नोंदणी क्रमांक, पॅन, पत्ता, आणि पावतीला अनुक्रमांक. देणगीदाराचं नाव-पत्ता लिहायचाच, "एक हितचिंतक" असं लिहून मोठ्या रकमा घेऊ नका, निनावी देणग्या ठराविक मर्यादेच्या वर गेल्या की ३०% कर लागतो. रोखीचं म्हणाल तर २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला ८०जीचा फायदा नाही, आणि खर्च करताना एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च आयकरात धरत नाहीत. किराणावाल्याला पण ट्रान्सफर करायचं, गावातही आता सगळ्यांकडे क्यूआर आहे.

पहिल्या शंभर रुपयांची पावती फाडली त्या दिवसापासून कॅशबुक. व्हाउचरला बिल टाचलेलं. कार्यकारिणीची सभा, अजेंडा, प्रोसिडिंग बुकात ठराव, हजर असलेल्यांच्या सह्या. सूचक-अनुमोदक. वर्षाच्या शेवटी एका रात्रीत एकाच पेनाने बारा मीटिंगची इतिवृत्तं लिहिलेली असली की ती ओळखू येतात हो, ऑडिटरला पण आणि फंड देणाऱ्याला पण.

१२ए आणि ८०जी

१२ए (आता नेमकं १२एबी) म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर कर माफ. ८०जी म्हणजे तुम्हाला देणगी देणाऱ्याला त्याच्या करात सवलत. दोन्हीचे अर्ज आयकर खात्याच्या पोर्टलवर, सरकारी फी नाही. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि मग पक्कीसाठी पुन्हा अर्ज करायचा असतो, काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपायच्या ६ महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. ही पक्क्या अर्जाची मुदत परत वाचा, कारण "तीन वर्षं आहेत की अजून" म्हणून निवांत बसलेल्या संस्थांची पक्की नोंदणी लटकते आणि नेमका तेव्हाच फंड आलेला असतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, बोलताना सगळे १२ए-८०जीच म्हणतात, पण अर्ज भरताना सीएला नवं कलम विचारून घ्या.

उत्पन्नातले ८५% त्याच वर्षी उद्देशावर खर्च व्हायला पाहिजेत, १५% मागे ठेवता येतात. जास्त ठेवायचे असतील, समजा अभ्यासिकेची खोली बांधायला, तर कारण लिहून वेगळा फॉर्म भरून ५ वर्षांपर्यंत जमवता येतात.

८०जी मिळालं की नुसती पावती देऊन भागत नाही. वर्षभरात कुणी किती दिले त्याचं विवरण ३१ मेपर्यंत पोर्टलवर भरायचं, मग प्रत्येकाचं १०बीई सर्टिफिकेट निघतं, ते नसेल तर देणगीदाराला वजावट नाही. त्यासाठी पॅन लागतो, तो देणगी घेतानाच घ्या, मे महिन्यात दोनशे लोकांना फोन करत बसावं लागतं नाहीतर. उशिराला दिवसाला २०० रुपये. आणि देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका, ८०जीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत गेलेल्या पगारदाराला तिचा उपयोग नाही. "टॅक्स वाचेल" म्हणून मागण्यापेक्षा काम दाखवून मागितलेलं आता जास्त चालतं.

दर्पण आणि सीएसआर-१

नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करा, फुकट आहे, पदाधिकाऱ्यांचे पॅन लागतात, सरकारी अनुदानाला हा नंबर मागतातच. कंपन्यांचा सीएसआर फंड घ्यायला लागणारा सीएसआर-१ हा फॉर्म कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीच्या सहीने, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा. नंबर मिळाला म्हणजे फंड मिळाला असं नाही, तो फक्त रांगेत उभं राहायचा पास आहे.

बजेट

इथे जरा थांबू, कारण नवीन संस्थांचं सगळ्यात कच्चं काम हे असतं. "आम्हाला १० लाखांची गरज आहे." कशाला? "मुलांच्या शिक्षणाला." असं नाही चालत. आपल्या अभ्यासिकेचं मांडून बघू, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका:

जेवण ३० मुलं, १८० दिवस, दिवसाला ६० रुपये: ३,२४,०००
दोन शिकवणारे, १२,००० महिना, ६ महिने: १,४४,०००
स्वयंपाकाच्या ताई, ८,००० महिना: ४८,०००
वह्या-पुस्तकं, मुलामागे १,०००: ३०,०००
भाडं, लाईट, गॅसची सोय: ३०,०००
हिशोब लिहिणारा आणि ऑडिट: २४,०००
एकूण ६,००,०००

म्हणजे एका मुलाचा एक हंगाम २०,००० रुपयांत. आता हा आकडा तुम्ही कुणालाही सांगू शकता. पुण्यातल्या एखाद्या काकूंना "एका मुलाचा हंगाम" म्हणून, दहावीच्या जुन्या बॅचला "सगळे मिळून पाच मुलं" म्हणून, कंपनीला पूर्ण सहा लाख म्हणून.

शेवटची ओळ, हिशोब आणि ऑडिटची, लोक लाजून टाकत नाहीत. टाकायचीच. सीएसआरमध्ये ५% च्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, काही कंपन्यांची माणसंसुद्धा सांगतात. नियमातली ती ५% ची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट होणारा खर्च, म्हणजे शिकवणाऱ्याचं मानधन, देखरेख, हे त्यात येतच नाही. नम्रपणे नियम दाखवा, भांडू नका, पण शिक्षकाचा पगार 'ओव्हरहेड'मध्ये ढकलू देऊ नका.

मागायचं कुणाकडे, आणि कोणत्या क्रमाने

पहिली देणगी गावातून. धान्य घ्या, तेल घ्या, डाळ घ्या, आणि त्याचीही पावती द्या, वस्तुरूप देणगी म्हणून रजिस्टरला चढवा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड चालवला, घरातल्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढायच्या, त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. आज प्रपोजलमध्ये "स्थानिक सहभाग ५०,००० रुपये, धान्यरूपात" असं लिहिता आलं तर वाचणाऱ्याला कळतं की गावाला हे काम आपलं वाटतंय, बाहेरून लादलेलं नाही.

दुसरा घेरा ओळखीचा, म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसं, शाळेच्या बॅचचे ग्रुप, आई-वडिलांच्या स्मरणार्थ देणारे, वर्षश्राद्धाचा किंवा वाढदिवसाचा खर्च इकडे वळवणारे. मराठी मध्यमवर्ग असा देतो, शांतपणे, दरवर्षी, छोट्या रकमेत, आणि एकदा विश्वास बसला की पंधरा-पंधरा वर्षं देतो. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' नावाचं प्रदर्शन भरतं, तिथे संस्था स्टॉल लावून लोकांशी थेट बोलतात. गणेशोत्सवात लोकसत्ताचा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम असतो, त्यात निवडलेल्या संस्थांना वाचक चेक पाठवतात. तिथे निवड व्हायला काही वर्षांचं काम लागतं, पण जाऊन बघायला काय हरकत आहे, दुसऱ्या संस्था आपलं काम चार वाक्यांत कसं सांगतात ते तरी कळतं.

या लोकांना धन्यवादाचं पत्र आणि वर्षातून दोनदा अपडेट जायलाच पाहिजे. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं टाकून "बिचारा अनाथ" छाप पोस्ट नको, मूल उद्या मोठं होऊन ते वाचणार आहे.

सीएसआर तिसऱ्या नंबरला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २% खर्च करायचे असतात. पण बाहेरच्या संस्थेमार्फत करायचं तर त्या संस्थेकडे १२ए-८०जी आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून नवीन संस्थेने पहिल्या वर्षी कंपन्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, तो वेळ अभ्यासिकेत घाला. दुसरं, आपल्या भागात लोक पहिल्यांदा साखर कारखान्याकडे जातात. सहकारी कारखाना ही कंपनी नाही, त्याला हे कलम लागूच होत नाही, तो मनाने देईल तर देईल. खाजगी कारखाना कंपनी असतो, त्याला निकषात बसला तर लागू होतं, आणि कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय. ज्या कारखान्याच्या फडावर तुमच्या गावची जोडपी जातात त्यालाच गाठा, मुद्दा आपोआप जुळतो.

जायचं कधी? वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून एप्रिल ते जूनमध्ये भेटायला जा. फेब्रुवारीत "३१ मार्चच्या आत खर्च करायचेत, उरकून टाका" असे फोन येतात, मोह होतो, पण तयारी नसेल तर घेऊ नका, दोन महिन्यांत घाईने उडवलेला पैसा हिशोबात लगेच दिसतो. आणि सीएसआरमधून कॉर्पस मागू नका, म्हणजे कायम ठेवीसाठी, ते २०२१ पासून चालत नाही.

प्रपोजल

दोन ते चार पानं. पहिल्या परिच्छेदात गाव, किती घरं ऊसतोडीला जातात, किती मुलं मागे राहतात, हे शाळेच्या हजेरीवरून काढलेलं. "भारत हा तरुणांचा देश आहे" ने सुरुवात करू नका, ते त्यांनी तीनशे वेळा वाचलंय. मग काय करणार, कोण करणार, वरचं बजेट, काय मोजणार (हजेरी, वाचनाची पातळी, मार्चनंतर शाळेत टिकलेली मुलं), आणि तुमचा पैसा थांबला तर पुढे काय. या शेवटच्या प्रश्नाला "आम्ही दुसरा फंड शोधू" एवढंच उत्तर असेल तर तुमचा विचार अजून व्हायचाय.

सोबत जोडायचं: नोंदणी, शेड्यूल वन, घटना, पॅन, १२ए, ८०जी, सीएसआर-१, दर्पण, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, कार्यकारिणीची यादी. मुलांसोबत काम आहे म्हणून बालसुरक्षा धोरण आणि काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती. हे सगळं एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये, फाइलला नीट नाव देऊन, उलटे स्कॅन केलेले नकोत. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मागितल्यावर दहा मिनिटांत फोल्डर पाठवणारी संस्था आणि "अध्यक्ष गावाला गेलेत, कपाटाची चावी त्यांच्याकडे आहे" म्हणणारी संस्था, यात निवड करायला कुणाला वेळ लागत नाही.

पैसा आल्यावर त्या प्रकल्पाचा खर्च वेगळा दाखवा, वेगळं लेजर, शक्य तर वेगळं खातं. बजेटमधून वळायचं असेल, समजा भाव वाढले आणि जेवणाला जास्त लागले, तर आधी ईमेलने विचारा, नंतर कळवू नका. विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत, सीएच्या सहीचं. ठरलं होतं ३० आणि आली २३ मुलं, तर २३ च लिहा आणि का ते लिहा, सात मुलं आई-बापासोबत फडावर गेली वगैरे. असा रिपोर्ट वाचून फंड बंद झालेला मी पाहिला नाही, सगळीकडे १००% लिहिलेला रिपोर्ट वाचून मात्र भेटीला माणूस पाठवलेला पाहिलाय.

परदेशातले नातेवाईक

न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो लगेच पाठवतो. थांबा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतली देणगी परदेशी धरत नाहीत, तरी पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असो, त्याने पुण्यात येऊन रुपयांत दिले तरी, ती विदेशी देणगी, आणि एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय घेता येत नाही. त्या नोंदणीला साधारण तीन वर्षांचं अस्तित्व आणि तीन वर्षांत १५ लाखांचा कामावरचा खर्च लागतो, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच काढावं लागतं, प्रशासकीय खर्च २०% पर्यंतच, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे १९७८ पासून काम करणारं तिकडचं महाराष्ट्र फाउंडेशन असो की कुठलं मराठी मंडळ, तुमच्याकडे एफसीआरए नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. यात चुकून घेतलं हे कारण चालत नाही.

एजंट

"पंधरा हजारात ट्रस्ट, ८०जी, सीएसआर सगळं, आणि दोन कोटींचा फंड मिळवून देतो, आधी फाइल चार्ज." फाइल चार्ज गेला, माणूस गेला. याहून वाईट म्हणजे "दहा लाखांची देणगी घ्या, नऊ रोख परत द्या." हा सरळ गुन्हा आहे, पावती तुमच्या सहीची असते, तो फोन बंद करून मोकळा होतो. नोंदणीला वकील किंवा सीएची फी द्या, ती योग्यच आहे, पण फंडाच्या टक्केवारीवर काम करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

भिंतीवर लावायच्या तारखा

३१ मार्च हिशोब बंद. ३१ मे देणगीदारांचं विवरण. ३० सप्टेंबरच्या आत ऑडिट, धर्मादाय कार्यालयाला ऑनलाइन आणि आयकराचा ऑडिट रिपोर्ट. ३१ ऑक्टोबर आयटीआर-७ (संस्थेचं आयकर विवरणपत्र), पैसा आला नसेल तरी सीएला विचारूनच सोडायचं ठरवा. वार्षिक सभा घटनेत लिहिलेल्या मुदतीत. सप्टेंबर महिनाभर सीए कुणाचा फोन उचलत नाही, म्हणून व्हाउचरची फाइल जूनमध्येच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवा, आणि त्याच फेरीत पक्क्या नोंदणीच्या अर्जाची तारीख त्याच्याकडून लिहून घ्या.